कमी दिवसांची लेक आणि वणव्याचा धूर: शिमग्याला गावी न्यावं की नाही?

अबोली_७ | ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

माझी लेक २९व्या आठवड्यात झाली. वजन ११५० ग्रॅम. ५२ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती. फुप्फुसात औषध सोडावं लागलं आणि बरेच दिवस नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र लावलेलं होतं. आता सहा पूर्ण होतील. शाळेत जाते, पळते, भांडते, सगळं वयाप्रमाणे. फक्त साधी सर्दी झाली की ती छातीत उतरते आणि मग आमच्या आठ-दहा रात्री जागून जातात.

सासर राजापूर तालुक्यात. घराच्या मागे थोडी कलमं आणि त्यांच्यावर सडा. गेल्या वर्षी शिमग्याला गेलो होतो. पालखी घरी यायच्या आदल्या रात्री पलीकडच्या सड्यावर वणवा लागला. आग आमच्यापर्यंत आली नाही, पण धूर दोन रात्री वाडीत बसून राहिला. तिसऱ्या पहाटे लेकीला धाप लागली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. एक वाक्य सलग बोलता येईना. तालुक्याला नेऊन तीनदा नेब्युलायझर दिला तेव्हा श्वास खाली बसला.

सासरची माणसं फार मायाळू आहेत. पण त्यांचं म्हणणं, "आम्ही सगळे धुरातच वाढलो. चार दिवस गावात राहिली की सवय होईल. तू जपून जपून नाजूक केलीस." आजेसासरे ८६ वर्षांचे आहेत. पणती पालखीपुढे नाचलेली त्यांना बघायची आहे.

वणव्याचा धूर अशा मुलांना खरंच जास्त बाधतो, की ही माझी एनआयसीयूच्या दिवसांपासूनची भीती आहे? मोठेपणी यांची फुप्फुसं इतरांच्या बरोबरीला येतात का? आणि तुम्ही गावी नेता का?

खाडीकाठ | ८ फेब्रु., १०.५०

भीती नाही ताई. माझा भाचा ३३ आठवड्यांचा. त्याचंही हेच. धूर आणि थंडी, दोन्हीला छाती धरतो.

पिंपळपान | ८ फेब्रु., ११.०५

मी विदर्भातली. "सड्यावर वणवा" म्हणजे काय? आमच्याकडे सडा अंगणात घालतात. वाचून क्षणभर वाटलं, शेणाच्या सड्याला आग कशी लागेल!

कलमबाग | ९ फेब्रु., सकाळी ७.२०

@पिंपळपान, कोकणात सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळी पठार. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत होतं, दिवाळीनंतर वाळतं आणि माघात पेट्रोलसारखं झालेलं असतं.

अबोलीताई, तब्येतीचं डॉक्टर सांगतील. मी बागायतदार म्हणून वणव्याबद्दल सांगतो. आमची हापूसची कलमं आणि काजू. मागे एका रात्री अकराला हाक आली. आम्ही सात जण हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो. वारा फिरला आणि आग गडग्यावरून उडी मारून आत आली. वीस वर्षांची कलमं उभी भाजली. पानं जळाली नव्हती, नुसती उकडल्यासारखी झाली होती, आणि आठवड्याभरात मोहोर काळा पडून गळला. त्या रात्रीनंतर दोन आठवडे माझा खोकला गेला नाही, आणि मी धडधाकट माणूस आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. हा धागा पुढे शेतकऱ्याच्या भाजावळीवर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यावर, घसरणार, म्हणून. भाजावळ वेगळी, वणवा वेगळा. भाजावळ आम्ही उभं राहून करतो, पाणी शेजारी ठेवून. वणवा लागतो विडीच्या थोटकाने, तारांच्या ठिणगीने, शिकारीसाठी आणि "जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं" या समजुतीने.

माईआजी | ९ फेब्रु., १०.१०

बाळा अबोली, तुझं वाचून जीव कळवळला. तरी जुन्या बाईचं ऐकशील तर सांगते. मी पाच मुलं वाढवली, सगळी चुलीच्या घरात. शेक-शेगडी, ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीच्या सालींची धुरी, सगळं केलं. एक मूल सातव्या महिन्यातलं होतं, त्यालाही धुरी दिली. धुराने बाळ सुकतं, सर्दी धरत नाही. तुम्ही हल्लीच्या मुली काचेत वाढवता.

सोलकढी | ९ फेब्रु., दुपारी २.३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोकणातच काम करते. अबोली, तुमच्या लेकीला मी तपासलेलं नाही, तेव्हा औषधं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीचं सविस्तर लिहिते.

३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं, ३२च्या आतलं खूपच कमी दिवसांचं. २९व्या आठवड्यात फुप्फुसाच्या फांद्या फुटलेल्या असतात, पण टोकाचे वायुकोश जेमतेम सुरू झालेले असतात. ते उघडे ठेवणारा जो स्निग्ध थर असतो, तोही पुरेसा तयार नसतो. म्हणून तिच्या फुप्फुसात औषध सोडावं लागलं. जे काम आईच्या पोटात, पाण्यात आणि अंधारात व्हायचं, ते ऑक्सिजन, दाब आणि जंतू यांच्या माऱ्यात होतं. वायुकोश जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतात, त्यामुळे बरंच भरून निघतं. सगळं मात्र निघत नाही. मोठेपणी फुंकण्याची चाचणी केली तर अशा मुलांचा जोराने सोडलेला श्वास सरासरीने थोडा कमी भरतो. गर्भारपणापासून मोजून ३६ आठवड्यांचं वय झाल्यावरही ज्यांना ऑक्सिजन लागत होता, त्यांचा जास्त कमी.

आता धूर. त्यातला त्रासदायक भाग म्हणजे पीएम २.५, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे कण. नाकातल्या केसांना, शेंबडाला ते जुमानत नाहीत, थेट वायुकोशापर्यंत जातात. मुलं वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त हवा आत घेतात. अरुंद नळ्यांत थोडी सूज आली तरी वाट बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०. वणव्याच्या धुरात वाडी बसली असेल तर हे दोन्ही आकडे सहज मागे पडतात.

"सवय होते" याबद्दल: नाकाला होते. अर्ध्या तासात वास जाणवेनासा होतो. फुप्फुसाला सवय होत नाही.

माईआजी, तुमच्या हातांनी पाच मुलं जगवली, त्यापुढे मी नम्र आहे. पण धुरीबद्दल स्पष्ट बोलते. बाळाला सर्दीपासून वाचवत होती ती ऊब, तुमची मांडी आणि तुमचं दूध. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, ही पद्धत १९७८-७९च्या सुमारास बोगोटात सुरू झाली आणि आज जगभर चालते. तुम्ही ते न शिकताच करत असाल. शेगडीचा धूर त्यातून काढून टाकला तर काहीच कमी होत नाही.

माईआजी | ९ फेब्रु., ४.००

सातव्या महिन्यातल्याला मी दोन महिने पदराखालून काढलं नव्हतं, हे खरं. तोच पुढे दम्याचा निघाला. आम्ही म्हणायचो, पिंडच तसा. आज पहिल्यांदा शंका आली.

सातमाशा_३४ | ९ फेब्रु., रात्री ९.३०

माईआजी, तुमच्या मुलाच्या बाजूने लिहितो, कारण मीही तसलाच. वय ३४, जन्म सातव्या महिन्यात, घरी. कापसात गुंडाळून कंदिलाच्या उबेत ठेवलं होतं म्हणे. वजन कोणी केलंच नाही.

अबोलीताई, मी धडपणे मोठा झालो. पदवी झाली, नोकरी आहे, दोन मुलं आहेत. लहानपणी गणित जड गेलं आणि एका जागी बसणं त्याहून जड. शिक्षक आळशी म्हणायचे. पुढे वाचलं की कमी दिवसांच्या मुलांत गणित आणि लक्ष लागणं या दोन्ही अडचणी जास्त दिसतात. लहानपणी कोणी ओळखलं असतं तर मार कमी खाल्ला असता. तुमच्या लेकीचं शाळेत काही अडलं तर छातीइतकंच तेही मनावर घ्या.

रक्तदाब तिशीत वाढलेला निघाला. डॉक्टरांनी जन्माचं विचारलं तेव्हा मला नवल वाटलं. आमच्यासारख्यांत तो थोडा जास्त दिसतो, म्हणून दर वर्षी मोजायचा. फुंकण्याच्या चाचणीत माझं माप माझ्या उंचीच्या माणसापेक्षा कमी येतं. रोज जाणवत नाही. गडावर चढताना आणि धुरात जाणवतं. विडी-सिगारेट कधीच नाही, शेकोटीलाही मी वाऱ्याच्या बाजूने बसतो.

सोलकढी | ९ फेब्रु., १०.००

@सातमाशा_३४, फार मोलाचं लिहिलंत. फुप्फुसाची ताकद विशीच्या सुरुवातीला कळसाला पोचते आणि मग सगळ्यांचीच हळूहळू उतरते. कमी दिवसांच्या मुलाचा कळस मुळात थोडा बुटका. त्यात वाढीच्या वर्षांत धूर गेला तर तो आणखी बुटका राहतो, आणि म्हातारपणी उतरायला जागा कमी उरते. अबोली, सहाव्या वर्षापासून मुलं फुंकण्याची चाचणी नीट देऊ शकतात. यंदा करून घ्या, पुढे तुलना करायला माप हातात राहील.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा माग संशोधक ती तिशीकडे झुकेपर्यंत ठेवत आले आहेत. अडचणी खऱ्या आहेत. पण तितक्या कमी दिवसांचीही कित्येक मुलं आज आपापलं आयुष्य नीट जगताहेत. तुमची लेक २९ची.

पडवी | १० फेब्रु., ८.१५

एक वेगळी बाजू मांडतो. सगळं धुरावर ढकलणं मला पटत नाही. २०२२ साली एक मोठा प्रयोग छापून आला. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा, मिळून ३२०० गरोदर बायका. निम्म्यांना चुलीऐवजी गॅस दिला. बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग?

सोलकढी | १० फेब्रु., १.४५

प्रयोग खरा आहे, आणि तुम्ही तो मांडलात हे बरं केलंत. तो मोजत होता जन्माचं वजन, आणि गॅस मिळाला तो बायकांना दिवस गेल्यानंतर. आईने त्याआधी वीस-पंचवीस वर्षं चुलीपुढे काढलेली असतात. शिवाय वजनात फरक नाही याचा अर्थ जन्मलेल्या मुलाच्या फुप्फुसाला धूर चालतो असा होत नाही. तो प्रश्न वेगळा.

सॅक्रामेंटोकर | १० फेब्रु., रात्री ११.२०

मूळचा सावंतवाडीचा, पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात. पडवी यांच्या प्रश्नाला इथलं एक उत्तर आहे.

डेव्हिसला माकडांचं मोठं संशोधन केंद्र आहे, आमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथली माकडं उघड्या आवारात राहतात. २००८च्या जून-जुलैत उत्तर कॅलिफोर्निया वणव्यांनी भरला होता आणि त्याच वसंतात जन्मलेली पिल्लं तो धूर घेत होती. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. ती वयात आल्यावर तपासली, तर पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांपेक्षा त्यांची फुप्फुसं लहान भरली, प्रतिकारशक्तीही वेगळी वागत होती. काही आठवड्यांचा धूर, आणि परिणाम वयात आल्यावरही टिकून. हे वाचलं तेव्हा माझा मुलगा चार महिन्यांचा होता.

२०१८च्या नोव्हेंबरात पॅराडाइज गाव जळलं तेव्हा आणि २०२०च्या सप्टेंबरात आम्ही जे केलं ते सांगतो. घरातली एकच खोली निवडायची. खिडक्यांच्या फटी बंद. त्यात हवा गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र. तिथे स्वयंपाक नाही, उदबत्ती नाही, झाडू नाही. मूल तिथे झोपतं. बाकी घर सोडून द्यायचं.

कातळफूल | ११ फेब्रु., ७.४०

@सॅक्रामेंटोकर, कल्पना चांगली आहे, पण आमचं घर कौलारू. कौलांच्या फटीतून चांदणं आत येतं तिथे धूर कसा अडणार? आणि वणवा लागला की वीज आधी जाते.

सॅक्रामेंटोकर | ११ फेब्रु., ९.००

बरोबर. मग गावात कोणाची स्लॅबची खोली असेल तर रात्री मुलाला तिथे झोपवायचं. इन्व्हर्टरवर लहान यंत्र चालतं. तेही नसेल तर धूर सोडून दूर जाणं हाच उपाय. आम्हीही २०२०ला शेवटी गाडी काढून समुद्राकडे गेलो होतो.

मतलई | ११ फेब्रु., सायं. ६.३०

मी भूगोल शिकवते, म्हणून राहवत नाही. कोकणात धुराला वेळापत्रक असतं. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारे डोंगराकडून समुद्राकडे. दुपारी सड्यावर लागलेल्या आगीचा धूर घाटाकडे जातो आणि वाडीला वाटतं आपण सुटलो. रात्री वारा उलटतो आणि तोच धूर उतारावरून घरांवर येतो. पहाटे थंड हवा खाली साचते, वर ऊबदार थर झाकणासारखा बसतो, धूर हलत नाही. अबोलीताई, तुमच्या लेकीला धाप पहाटे लागली, ती यामुळेच असणार.

तेव्हा मुलांना बाहेर खेळू द्यायची वेळ पहाटेची नाही. ऊन चढून वारा सुटला की मग.

कुडाळचो_बाबल | ११ फेब्रु., रात्री ८.००

गो बाय, वाचून काळजात धस्स झाला. माझी साठ काजीची झाडां गेल्या साली वणव्यात जळली. कोणीतरी विडयेचा थोटूक टाकल्यान, बस. चेडवाक घेवन ये, पण मिरग जवळ इल्यार ये. पयलो पावस पडलो काय धूर नाय आणि काय नाय.

पिंपळपान | ११ फेब्रु., ८.२०

बाबलकाका, मिरगाला गेली तर आंबे संपलेले असतील की!

कुडाळचो_बाबल | ११ फेब्रु., ८.३५

फणस असतत. रायवळ असतत. आणि आंब्याची साठां घालून ठेवतलव तिच्यासाठी.

खाडीकाठ | १२ फेब्रु., ११.१५

थोडं अवांतर, पण जवळचं. माझी बहीण सातव्या महिन्यात आहे, मार्चमध्ये पहिल्या बाळंतपणाला गावी येणार. तिला धूर लागला तर?

सोलकढी | १२ फेब्रु., ३.००

अवांतर अजिबात नाही. कॅलिफोर्नियातल्या २००७ ते २०१२च्या जन्मांचा अभ्यास झाला, त्यात वणव्याच्या धुराशी जोडता येणारे कमी दिवसांचे जन्म सुमारे ७००० निघाले. धुराचा एकेक दिवस वाढला की धोका अगदी थोडा वाढतो, पण सगळ्या गावावर एकदम वाढतो. बहिणीला चुलीपासून आणि पातेरा, म्हणजे पालापाचोळा, जाळतात त्यापासून लांब ठेवा. ३७ आठवड्यांच्या आत पोट राहून राहून आवळायला लागलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, १०८ बोलवा. वेळेत पोचली तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९७२ साली न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. साध्या, स्वस्त इंजेक्शनाने किती बाळं वाचली असतील!

वाडीतली_आशा | १२ फेब्रु., रात्री ९.४५

मी आशा स्वयंसेविका. डॉक्टर म्हणतात ते खरं, पण घरात काय होतं ते मी बघते. बाळ एसएनसीयूतून, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या नवजात कक्षातून, घरी येतं, आणि दाराशीच धुरी तयार असते. सासूला राग येऊ न देता शेगडी बाहेर काढायला लावणं हे माझं खरं काम. मी म्हणते, "काकी, शेक बाळंतिणीला द्या, पण निखारा पूर्ण लाल होऊ दे, धूर संपला की आत आणा, दार उघडं ठेवा, आणि बाळ तोवर दुसऱ्या खोलीत." चारातल्या तीन ऐकतात. आज माईआजींचं उत्तर वाचून मला रडू आलं.

दुसरं. तोंडावर ओला रुमाल बांधतात, त्याने हे बारीक कण अडत नाहीत. मूल सुरक्षित आहे असं वाटतं आणि धुरातच ठेवलं जातं.

सोलकढी | १२ फेब्रु., १०.१०

शंभर टक्के. एन-९५ अडवतो, पण सहा वर्षांच्या चेहऱ्यावर नीट बसणारा मिळणं कठीण, आणि गालाशी फट राहिली की उपयोग नाही.

कातळफूल | १३ फेब्रु., ७.००

कलमबाग, तुम्ही भाजावळ वेगळी म्हणालात. माझ्या मुलाच्या छातीला तो फरक कळत नाही. आमच्या घराला लागून दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, आहे. फेब्रुवारीपासून कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, शेणी रचून धुमसत ठेवतात. ओल्या कवळाचा पांढरा धूर तर वणव्याहून वाईट.

कलमबाग | १३ फेब्रु., १.३०

राग आला होता, मग जेवून पुन्हा वाचलं. तुमचं बरोबर आहे.

भाजावळ आम्ही हौसेने करत नाही. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, रोपं उपटताना मुळं तुटत नाहीत. पण दापोलीच्या विद्यापीठाचे लोक गादीवाफ्यावर, न भाजता रोपं करायला सांगतात. चारसूत्री भातलागवडीत भाताच्या तुसाची राख वाफ्यात मिसळतात आणि शेतात गिरिपुष्पाचा पाला घालतात. मी तीन गुंठ्यांवर करून पाहिलं. तण जास्त आलं, दोन वेळा बेणावं लागलं, पण तरवा (भाताची रोपं) चांगला झाला. म्हातारी माणसं मजूर कुठून आणणार, हा प्रश्न आहेच. निदान घराला लागून भाजायचं नाही, कवळ पूर्ण वाळलेलं हवं, आणि ऊन चढल्यावर भाजून संध्याकाळच्या आत विझवायचं. एवढं तर लगेच करता येतं.

वणव्यावरचा इलाज मात्र एकच, जाळपट्टा. बागेच्या आणि वाडीच्या कडेने चार-पाच मीटर रुंद पट्टा गवत कापून, झाडून साफ ठेवायचा. खरं तर डिसेंबरात करायचा, पण फेब्रुवारीत केला तरी वाया जात नाही. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे.

अबोली_७ | १६ फेब्रुवारी, रात्री ११.००

सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली. सातमाशा दादा, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवताना माझा आवाज फुटेना.

आज लेकीची चाचणी झाली. माप थोडं कमी आहे, पण डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही. रोजचा प्रतिबंधक पंप सुरू केलाय, धाप लागली तर कोणता पंप किती वेळा द्यायचा ते कागदावर लिहून दिलंय.

मग आजेसासऱ्यांना फोन केला. गेल्या वर्षी तालुक्याला जाताना गाडीत मी तिचा श्वास मोबाइलवर टिपला होता, डॉक्टरांना दाखवायला म्हणून. तो त्यांना कधीच दाखवला नव्हता, कारण दोष दिल्यासारखं झालं असतं. आज नवऱ्याने पाठवला. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या धाकट्या बहिणीचा श्वास असा वाजायचा. ती तीन वर्षांची गेली. आम्हाला वाटलं, बाहेरचं काही झालं."

घरामागची दाढ यंदा भाजायची नाही असं त्यांनी ठरवलंय. आणि येत्या रविवारी वाडीला जाळपट्ट्यासाठी बोलावलंय. पण वाडीत आता म्हातारी माणसंच जास्त. आम्ही दोघं शनिवारी रात्रीच्या गाडीने जातोय, लेक आईकडे राहील. पट्टा झाला तर शिमग्याला तिला चार दिवस नेणार, शेजारच्यांच्या स्लॅबच्या खोलीत झोपवणार. धूर दिसला तर पालखी येवो न येवो, त्याच रात्री निघणार. आजोबांनीच हे कबूल करून घेतलंय माझ्याकडून.

कलमबाग | १७ फेब्रु., ६.१०

रविवारी मी येतो. माझ्याकडे दोन ग्रास कटर आहेत, पुतण्यालाही आणतो. पत्ता निरोपात पाठवा. सकाळी सातला सुरू केलं तर ऊन तापायच्या आत निम्मं होईल.

अबोली_७ | १७ फेब्रु., ६.४०

पाठवला. दुपारी जेवूनच जायचं. कुळथाची पिठी, भात आणि सुकटाची चटणी आहे.

सोलकढी | १७ फेब्रु., ८.००

शिमग्याला जाताना पंप आणि तो कागद मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. एक प्रत आजोबांकडेही द्या.